काटोलची पत्रं

काटोलहून आलेल्या प्रेमिलाच्या पत्राला विश्वनाथांनी उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र होतं ते. 'सर, ईमेलला उत्तर नाही म्हणून हे लिहिते. बाबांना आता दिसत नाही. स्वतःचीच गाणी त्यांना अर्धी आठवतात. ती वही कोणी वाचून दाखवावी, एवढंच त्यांचं मागणं आहे.'

प्रेमिलाच्या वडिलांनी, धोंडबांनी, आपल्या धम्मगीतांची वही पूर्वीच नागपूरच्या धरमपेठेतल्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयाला दिली होती. विश्वनाथ तिथले ग्रंथपाल होते. संगणकाची पुस्तकंही वाचतात म्हणून निवृत्तीनंतर संस्थेचा मेल सर्व्हर त्यांच्या गळ्यात पडला. प्रेमिला संस्थेच्याच काटोल कॉलेजात शिकवायची. तिचं पत्र आलं, त्याच्या आठवडाभर आधीच विश्वनाथांनी वहीची चाळीस पानं तिला ईमेलनं पाठवली होती. आता फोन करून 'पाठवलंय, बघा' म्हणायचं, म्हणजे तिलाच बोल लावल्यासारखं. त्यांना ते जमेना. बघेलच ती, असं म्हणून त्यांनी पत्र खणात ठेवलं.

महिन्यानं काटोल कॉलेजच्या ऑफिसातले मोठे बाबू ताराचंद यांचा फोन आला.

"काय गा विश्वनाथ, नागपूरच्या साऱ्यायची बोटं मोडली का? दोन महिन्यांत तुमच्याकडून एक मेल नाही!"

"पण एकही परत आली नाही."

"परत याले आधी निघाली तं पाहिजे!"

"आणि प्रेमिलाबाईंना? त्यांना काही मिळालं?"

"ती सुटीवर आहे. धोंडबा गेले ना, मागच्या बुधवारी. तुले कोणी सांगतलं नाही?"

विश्वनाथ सर्व्हरपुढे जाऊन बसले. दोन महिन्यांपूर्वी काटोल कॉलेजनं आपलं डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यातलं आपलं नाव, बाहेरच्या कंपनीकडे नेलं होतं. त्या डोमेनची पत्रं पुढे कुठे धाडायची, ती ओळ विश्वनाथांनी पुस्तकात बघून नीट लिहिली होती. पण 'ही डोमेनं इथलीच' अशी दुसरी एक यादी असते. तिच्यातून काटोलचं नाव काढायचं राहिलं होतं. सर्व्हर आधी ती यादी बघतो. नाव सापडलं की पत्र इथल्याच जुन्या पेटीत टाकतो आणि गप्प बसतो. बदल तपासताना विश्वनाथांनी घरच्या खात्यावरून मेल केली होती. ती बाहेरून गेली, पोचली. ऑफिसातून एकदाही पाठवून बघितली नव्हती.

नाव काढायला अर्धं मिनिट लागलं. पेट्यांत अडकलेली बाकीची पत्रं त्यांनी काटोलला रवाना केली. प्रेमिलाला पाठवलेल्या मेलवर मात्र हात थांबला. त्यात त्यांनीच लिहिलं होतं, 'बाबांना सावकाश वाचून दाखवा. काय म्हणाले ते कळवा.' हे आता तिनं उघडायचं? ते त्यांनी तसंच राहू दिलं, आणि कागद घेतला.

पहिल्या कागदावर सगळा सर्व्हरच आला. तो फाडला. दुसऱ्यावर क्षमा इतक्यांदा आली, की त्यांची त्यांनाच लाज वाटली. तिसऱ्यावर एवढंच उतरलं: 'प्रेमिलाबाई, तुमचं पत्र मिळालं होतं. पानं पाठवली होती, माझ्या चुकीनं ती पोचली नाहीत. पोचली का, हेही मी विचारलं नाही. त्यांच्या प्रती सोबत पाठवतो आहे.'

पोस्टातल्या बाईंनी जाड पाकीट हातात तोललं.

"काका, काय आहे यात?"

"गाणी."

"अर्जंट आहे का?"

विश्वनाथांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. मागच्या माणसानं घसा खाकरला. बाईंनीच मग शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.