एकोणचाळीसशे

माझी मुलगी हुशार आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. पण ते राहू दे, आधी शर्यतीचं सांगतो.

माझं गॅरेज आणि माझ्या व्याह्यांचं गॅरेज यांच्यात एकच भिंत आणि भिंतीत एक दार. पूर्वी जॅक हवा, पाना हवा, की त्या दारातून हाक मारायची. मग माझ्या मुलीने त्यांच्या मुलाशी लग्न केलं आणि आठवड्याच्या आत तिचा लॅपटॉप त्या दारातून पलीकडे गेला. इंजिनचं गणित लॅपटॉपवर जुळवणारी आमच्या अख्ख्या रस्त्यावर ती एकटी. मी रागाने दाराला जुने टायर रचले. त्यांनी पलीकडून रंगाचे डबे रचले. वर तोंडाने "या व्याहीबुवा, बसा व्याहीबुवा" चालूच. व्याही म्हणजे असा माणूस, की त्याला शिवी द्यायची असली तरी आधी खुर्ची द्यावी लागते.

खरं सांगू? काम काही अडलं नव्हतं. करमत नव्हतं. ती टेबलाशी बसून गुणगुणायची, "बाबा, पाना जागेवर ठेवा" म्हणून मला टोकायची. आता ते सगळं भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि ते असायचं दुसऱ्याला. कारण सासऱ्यांनाही ती बाबाच म्हणते. तिकडे "बाबा!" झालं की इकडे मी मान वर करायचो.

शेवटी एकदा बोलून गेलो, "व्याहीबुवा, रविवारी जुन्या धावपट्टीवर या. तुमची गाडी, माझी गाडी. जो जिंकेल त्याच्या गॅरेजमध्ये पोरगी बसेल."

"मंजूर!" ते म्हणाले.

पोरीला कुणी विचारलंच नाही. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोन्ही गाड्या मीच लावून देणार," ती म्हणाली. "मग घाला काय गोंधळ घालायचा तो."

आता लावून देणं म्हणजे काय, ते ऐका. उभी गाडी एकदम सुसाट सोडायची तर क्लच दाबायचा आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा. इंजिन बोंबलायला लागतं. त्याला एका आकड्यावर अडवून धरायचं काम लिमिटरचं. इंजिनचे मिनिटाचे फेरे त्या आकड्याच्या वर गेले की तो ठिणगी तोडतो, खाली आले की परत देतो. फट-फट-फट! मग क्लच सोडला की गाडी सुटते. आकडा कमी पडला तर इंजिन धापा टाकतं. जास्त झाला तर चाकं गरगर फिरतात आणि गाडी जागच्या जागी. सगळा जीव त्या एका आकड्यात.

शनिवारी तिने माझी गाडी सोळा वेळा सोडून पाहिली आणि घाम पुसत म्हणाली, "बाबा, तुमच्या टायरांना एकोणचाळीसशे. आता हात लावायचा नाही."

एकोणचाळीस ऐकून मला हसूच आलं. या शब्दाचं आणि तिचं जुनं वैर. सात वर्षांची असताना एकोणचाळीस सांगितले की ही चार काढून पुढे नऊ काढायची. त्यात चाळीस ऐकू येतं ना! मी तिला गॅरेजच्या भिंतीवर खडूने शंभर ओळी लिहायला लावल्या होत्या: एकोणचाळीस म्हणजे तीन-नऊ. रडत रडत लिहिल्या बिचारीने. तेवढा कोपरा मी अजून रंगवलेला नाही.

रविवारी सकाळी धावपट्टीवर मी गाडीभोवती चौथी चक्कर मारत होतो. ती कुठेतरी गेली होती आणि माझ्या गाडीला जोडलेला लॅपटॉप सीटवर उघडाच होता. सहज डोकावलो. पडद्यावर आकडा: ३९००.

झालं! म्हटलं, केली पोरीने माती! तोंडाने एकोणचाळीस म्हणते आणि लिहिते तीन! सात वर्षांची होती तेव्हापासून हेच रडगाणं. मी तीन खोडून चार केला, बटण दाबलं आणि लॅपटॉप मिटला. बाप होता म्हणून वाचली, नाहीतर नाकच कापलं गेलं असतं. आणि हे तिला कधीही बोलून दाखवायचं नाही, असंही ठरवून टाकलं. मन मोठं आहे माझं.

जावयाने झेंडा खाली केला. मी क्लच सोडला.

काय सांगू! मागची चाकं किंचाळली, धूर इतका झाला की मला माझंच बॉनेट दिसेना. गाडी बुड हलवत तिथल्या तिथे. व्याहीबुवा मात्र तेल लावल्यासारखे सरळ निघून गेले. जाताना हात केला त्यांनी, हात!

मी खाली उतरलो आणि सगळ्यांसमोर तिच्यावर बरसलो, "काय लावलंस हे? एवढी मोठी झालीस, अजून साधा एकोणचाळीस कळत नाही तुला?"

तिने एवढंच विचारलं, "एकोणचाळीस म्हणजे किती, बाबा?"

"चार..." मी म्हणालो, आणि मला भिंतीवरच्या त्या खडूच्या ओळी आठवल्या.

तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. कुठला आकडा कधी बदलला, सगळं लिहून ठेवतं ते मेलं यंत्र. दहा चाळीस: ३९०० चे ४९००. "दहा चाळीसला मी तुमच्यासाठी पाणी आणायला गेले होते," ती म्हणाली. "घाबरलात की तुमचा घसा सुकतो ना, म्हणून."

तिच्या हातात बाटली होती. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"जाऊ द्या हो," व्याहीबुवा छाती काढत आले. "वयाप्रमाणे होतं असं. सूनबाई, उद्यापासून आमच्याकडे पक्कं!"

"हो का? बाबा, एकोणसाठ म्हणजे किती?" तिने त्यांना विचारलं.

"हात्तिच्या! सहा-नऊ!"

जावई एवढ्या जोरात हसला की त्याच्या हातातला झेंडा पडला. मला हसायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी मी तिला म्हणालो, "चुकलं माझं. आजचंही, आणि त्या शंभर ओळींचंही."

"तोंडी नको," ती म्हणाली. "खडू आणा. दोघंही या."

सोमवारी सकाळी गॅरेज उघडायच्या आधी आम्ही दोघं म्हातारे माझ्या भिंतीशी उभे. मी एकोणचाळीस लिहितोय, व्याही एकोणसाठ. तिच्या जुन्या ओळी माझ्या कमरेच्या उंचीवर होत्या. वाकून पाहिलं तर निम्म्या फिसकटलेल्या. डोळे पुसून तोच हात भिंतीवर टेकला असणार. इतकी वर्षं रोज त्या भिंतीपाशी हात धुतो मी, पण हे कधी दिसलं नव्हतं. माझा खडू दोनदा तुटला.

"बाबा, कितवी ओळ?" तिने मागून विचारलं.

"एकोणचाळिसावी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"आकड्यात?"

"तीन-नऊ!"

"बास. आता ते टायर आणि ते डबे हलवा. मी दारात बसणार. ज्याला गरज असेल त्याने आपल्या बाजूने हाक मारायची, आणि माझ्यावरून पैज पुन्हा लावायची नाही."

टेबल आम्हीच उचललं. दोन पाय माझ्या गॅरेजमध्ये, दोन त्यांच्या. व्याह्यांनी फूटपट्टी आणून मोजलं. ती लॅपटॉप उघडून बसली आणि थोड्या वेळाने गुणगुणायला लागली.

मी परत भिंतीशी गेलो आणि चाळिसावी ओळ लिहिली: माझी पोरगी हुशार आहे.

गुणगुणणं थांबलं.

"बाबा," ती म्हणाली. आम्ही दोघांनीही माना वर केल्या. ती माझ्याकडे बघत होती.

"पाना जागेवर ठेवा."