बेदाण्याच्या सौद्याचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे, पण माझ्याकडे काठी नाही आणि शिट्टीही नाही. मी एक छोटासा प्रोग्राम आहे. तासगावच्या एका कचेरीत बेदाण्याचे ऑनलाइन सौदे चालवणारा सर्व्हर आहे, त्याच्या पोटात मी राहतो. कोणते पान किती वेळात उघडले, कुठे अडले, हे मी सतत मोजतो आणि पडद्यावर खालीवर हलणारी रेघ काढून दाखवतो.

सांगलीच्या ज्ञानदाताईंनी मला इथे बसवले. माझ्या परवान्याचा क्रमांक भरला, कुणावर नजर ठेवायची ते सांगितले आणि मला हाताने सुरू केले. सर्व्हरबरोबर मीही आपोआप उठावे, एवढी नोंद मात्र करायची राहून गेली. कचेरीचे मालक आप्पासो हसले, "ह्यो काय कामाचा? नुसता बघत बसतोय!" मला रागच आला. पण आठवड्याभरात मी एक रखडणारे पान पकडून दिले, तेव्हा त्यांनीच सगळ्यांना चहा पाजला.

मग खंडेनवमी आली. यंत्रांना विश्रांती म्हणून आप्पासोंनी सर्व्हर बंद केला आणि तो ज्यात ठेवलाय त्या कपाटाला झेंडूचा हार घातला. दसऱ्याला सर्व्हर सुरू झाला, मी मात्र झोपलेलाच. पडद्यावरची माझी रेघ सपाट झाली. ती बघून आप्पासो खूश! "लय निवांत चाललंय गड्या!"

माझ्या झोपेत घडलेले हे सगळे मला नंतर ताईंकडून कळले. दिवाळीआधीच्या शेवटच्या सौद्याला चंद्राबाई आल्या. नवरा फौजेत, म्हणून एकटीने बाग सांभाळून त्यांनी केलेला हा पहिलाच बेदाणा. बाराच्या आत बोली लागली नाही, तर माल शीतगृहात परत जाणार होता, आणि दिवाळीनंतर मागणी उतरते. साडेअकरा झाले तरी एकही बोली नाही. व्यापाऱ्यांकडे पानच उघडत नव्हते.

"आवं आप्पासो, माझ्या मालात काय खोट हाय का?" चंद्राबाईंनी विचारले.

"न्हाई वैनी. रेघ तर सपाट हाय, सगळं ठीक दिसतंय."

सौद्यासाठी सांगलीहून आलेल्या ज्ञानदाताई ती सपाट रेघ बघून ताडकन उठल्या. "आप्पासो, ठीक कसलं? बघणाराच झोपलाय!"

त्यांनी राहिलेली नोंद केली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. मी जागा झालो आणि मिनिटभरात चोर दाखवला. दर वेळी पान उघडताना सर्व्हर मागच्या सगळ्या वर्षांचे सौदे चाळत बसत होता. ताईंनी ती जुनी यादी बंद केली. पान झटकन उघडले, बोलीवर बोली आली, आणि बाराच्या ठोक्याला चंद्राबाईंच्या बेदाण्याला त्या दिवसाचा सर्वांत चढा भाव मिळाला! मला छाती नाही, तरी ती फुगली. चंद्राबाईंनी मूठभर बेदाणे कपाटापुढे ठेवले. "ह्यो तुझा वाटा, बाबा."

मित्रांनो, आम्हाला विश्रांती जरूर द्या, हारही घाला. पण कुणी गप्प दिसला म्हणून तो सुखात आहे असे धरून चालू नका, जवळ जाऊन विचारा. यंदा दसऱ्याला आप्पासोंनी हार उतरवला आणि पहिलाच प्रश्न केला, "आमचा पहारेकरी उठला का रं?"

मी लगेच रेघ उंच उडवून दाखवली.