पूल धरून ठेव

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला धनगरांची पाच-सहा घरं आहेत. त्यातलं एक रत्नाचं. शेळ्या घेऊन ती रोज डोंगराच्या धारेवर जायची. चारा तिथं होता आणि मोबाईलला रेंजही तिथंच. शेळ्या कारवीत तोंड खुपसायच्या, रत्ना दगडाला टेकून बसायची, आणि वाऱ्यातून वाट काढत भोरातला आवाज तिच्या कानात यायचा.

"रत्ना, आलीस? डावीकडून चल. मी सांगेन तेव्हाच गोळी."

तो सौमित्र. भोरातल्या वकिलांचा मुलगा, कॉलेजात शिकणारा. रत्नानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. मोबाईलवरच्या लढाईच्या खेळात त्यांचा चौघांचा संघ होता. डाव सौमित्र रचायचा. प्रांजल आणि भिमा त्याच्याबरोबर पुढं सरायचे. आणि शत्रू अंगावर घ्यायची ती रत्ना. पहिल्यांदा चेष्टेनं ती त्याला सरदार म्हणाली. मग चेष्टा गळून गेली, सरदार राहिला.

खेळ संपला की तो तिला जपानी ॲनिमे कार्टूनमधल्या गोष्टी सांगायचा. बघायला तिच्याकडं तेवढा डेटा नव्हता, म्हणून ती नुसती ऐकायची. एक सेनापती असतो, तलवार न धरणारा, नुसत्या डोक्यानं लढणारा. त्याच्या खांद्यामागं एक पाऊल सोडून एकच वीर उभा.

"मग त्यो वीर मरतो व्हय?"

"बहुतेक वेळा."

"आन सेनापती?"

"रडतो. तेवढ्यासाठीच तर सगळे बघतात."

रत्नाला ते फार आवडलं. शेळ्यांमागं चालताना ती कुणाच्या तरी खांद्यामागं चालत असायची.

तिची आई धोंडाबाई वैतागायची. "त्या मोबाईलातल्या नवऱ्याला सांग, शेरडू हरवलं तर हुडकाया त्यानं यायचं."

"सरदार हाय त्यो. नवरा न्हाई."

"मग तर लईच वंगाळ. नवरा निदान भाकरीला तरी घरी येतोय."

मोबाईल खरा भावाचा होता. मानसिंग वरव्याला टेम्पोवर होता. गणपतीत आला तेव्हा मागायला लागला. आईनंच तोडगा काढला. भोरात स्पर्धा होती, जिंकणाऱ्या संघातले तिघं पुण्याच्या फेरीला जाणार होते, ज्यांचे गुण जास्त ते. "पुण्याला निवड झाली तर मोबाईल तिचा. न्हाई झाली तर तुझा. मग पुन्यांदा ह्या घरात खेळाचं नाव न्हाई."

रत्नानं सौमित्रला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तुझ्याशिवाय मी पुण्याला जाईन का?"

स्पर्धा एका मंगल कार्यालयात, दुपारची. रत्ना एसटीनं गेली. सौमित्र तिला वाटला होता त्याहून बुटका निघाला, आणि त्यामुळं तिला तो जास्तच आपला वाटला. चौघं एका टेबलाशी बसले. शेवटच्या डावात नदीवरचा पूल आला. या खेळात मैदानाभोवतीचं वर्तुळ आवळत जातं, बाहेर राहील तो मरतो. पलीकडच्या टेकडीवर पोचायला हवं होतं आणि मागून दोन संघ चालून येत होते.

"रत्ना, पूल धरून ठेव. आम्ही टेकडीवर पोचलो की आवाज देतो. मग तू सोड आणि नदीतून ये. वेळ पुरेल."

"व्हय, सरदार."

धारेवर जायच्या वाटेत एक घळ आहे, बिबट्याची. आई शेळ्या घेऊन पुढं जायची आणि रत्ना घळीच्या तोंडाशी काठी आपटत उभी राहायची. पलीकडून आईची हाक आली की निघायचं. हाकेआधी पाय हलवायचा नाही. लहानपणापासूनचं हे. आणि आई पलीकडं पोचली आणि हाक द्यायची राहिली, असं कधी झालं नव्हतं.

रत्ना पुलावर उभी राहिली. एक पाडला, दुसरा पाडला. कोपऱ्यातल्या नकाशावर तिघांचे ठिपके टेकडीवर चढलेले तिला दिसले. हाक आली नाही. तिनं मान वळवून पाहिलं. सौमित्र हाताच्या अंतरावर होता, त्याचे ओठ हलत होते, पण तो प्रांजलशी बोलत होता.

"सोडू का?"

त्यानं पडद्यावरची नजर न काढता पंजा उभा केला. थांब.

ती थांबली. नदीतून जायची वेळ सरली. दोन्ही संघ पुलावर तिच्याशी झुंजत राहिले आणि टेकडीवरून तिघांनी त्यांना एकेक करून टिपलं. वर्तुळ पुलावरून सरकलं आणि रत्नाचा पडदा करडा झाला.

टाळ्या पडल्या. संघ जिंकला. पुण्यासाठी गुणांप्रमाणे तीन नावं पुकारली, सौमित्र, प्रांजल, भिमा.

"काय खिंड लढवलीस गं!" सौमित्रचा चेहरा फुलला होता. "ये, फोटो काढू."

"तुमी पोचला व्हता टेकडीवर."

"हो, मग? तू हलली असतीस तर ते आमच्यावर आले असते."

"आवाज देतो म्हनला व्हता."

"ते तुला धीर यावा म्हणून."

"खरं सांगायचं व्हतं की," रत्ना हळूच म्हणाली. "न्हाई बोलावणार, तितंच मर, असं म्हनला असता तरी म्या उभी राह्यले असते."

सौमित्र हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तो खरंच मनातलं बोलत होता. "छे गं. सांगितलं असतं तर तू पळालीच असतीस. कुणीही पळेल. मी तरी पळालो असतो."

रत्नानं टेबलावरचा मोबाईल उचलला. एवढे दिवस कानात राहिलेला माणूस, आणि तो तिला स्वतःच्या मापानं मोजत होता. प्रांजलनं त्याला हाक मारली. तो लगेच गेला.

बाहेर मानसिंग टेम्पो लावून उभा होता.

"जितली का हरली?"

"संघ जितला."

"आयला! मंग मोबाईल तुझाच की गं!" त्याला खरंच आनंद झाला होता. आईला निरोप धाडायला तो आपल्या साध्या फोनवरून खाली हिर्डोशीतल्या दुकानाचा नंबर लावायलाही लागला.

गप्प बसली असती तर निदान दिवाळीपर्यंत मोबाईल तिचाच होता. पुण्याला कोण गेलं हे बघायला हिर्डोशीहून कोण जाणार होतं?

"दादा, फोन नगं करू." तिनं मोबाईल त्याच्या हातात दिला. "त्ये तिघं जाणार हायती. म्या न्हाई."

"आगं पन जितला न्हवं तुमी?"

"त्ये जितले."

मानसिंगनं तिच्याकडं पाहिलं, मोबाईलकडं पाहिलं आणि विचारलं, "आन चार्जर?"

"घरी हाय. तिथं गेल्यावर देते."