अर्धं बोट वर

जावयाला चारचौघांत चूक दाखवायची नसते, ही अक्कल मला नेमकी नको तिथे सुचली.

रामनगरात माझं गॅरेज आहे. तीस वर्षं मी ते एकट्यानं चालवलं. गेली दोन वर्षं जावई दत्तप्रसाद सोबतीला आहेत. त्या दिवशी गुंद गावचा म्हादू त्याची जुनी पेट्रोल जीप घेऊन आला. गावात बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, ह्याच जीपमधून दवाखान्यात जातो. म्हादूचं पोटही तिच्यावरच.

इंजिनातल्या प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढून दुरुस्त केला आणि परत बसवायला जावई पुढे झाले. त्यात एक खुबी आहे. त्याच्या दांड्याचं टोक खाली ऑइल पंपाच्या दांड्याच्या खाचेत जावं लागतं, त्यावरच पंप फिरून इंजिनाला तेल पोचवतो. नाही गेलं, तर डिस्ट्रिब्युटर अर्धं बोट वर राहतो. मग तो काढायचा, लांब स्क्रूड्रायव्हरनं खालचा दांडा जरासा फिरवायचा आणि पुन्हा सोडायचा. दहा मिनिटांचं काम.

त्या दिवशीही तो वरच राहिला, पण जावयांनी बोल्ट आवळून तो तसाच खाली दाबला. आतून कट् असा आवाज आला. मी ऐकला.

"बसला," ते म्हणाले.

म्हादू शेजारीच चहा पीत उभा होता. त्याच्यासमोर "काढा तो" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. जावई रुसून खानापूरला आपल्या घरी निघून गेले तर आमच्या लेकीचं, राखीचं काय, एवढंच डोक्यात. जीप पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि म्हादू खूश होऊन गेला.

जोयड्याच्या पुढे चढावर इंजिन जाम झालं. जीपचा इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा काटा कधीचाच बंद, म्हादूला कळणार कसं? ओढून आणलेल्या जीपचं इंजिन आम्ही उघडलं, तर पंपाच्या दांड्याचं टोक तुटलेलं. म्हणजे पंप फिरलाच नव्हता, इंजिनात तेल असूनही वर चढलं नव्हतं. जावयांनी तो तुकडा गुपचूप खिशात टाकला आणि उलट म्हादूलाच झापलं, "तेल न बघता गाडी हाणता, मग दुसरं काय होणार?"

म्हादू त्यांच्याशी भांडला नाही. माझ्याकडे वळला.

"मामा, तेल हुतं वो. मी बघितलं हुतं. पर तुमी सांगा. तुमी सांगशिला त्ये खरं."

जावई माझ्याकडे बघत होते. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

"तेलच नव्हतं, म्हादू," मी म्हणालो. "बघत जायाचं की."

म्हादूनं मान खाली घातली आणि जावयांपुढे हात जोडले. "चुकलं माझं, सायेब."