मागची सीट

रुद्राणीला पहिली चक्कर आली ती कपिलतीर्थ मार्केटात, भेंडी निवडताना. पायाखालची फरशी सरकली, छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या. आपण मरतोय असं वाटून ती भाजीवालीच्या पाटीशेजारी मटकन बसली.

२००२ साल होतं. पुढं घरी भाकरी थापतानाही तसंच होऊ लागलं. सासूनं मीठ-मिरच्या उतरवल्या. नवरा राजशेखर लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान सोडून तिला दवाखान्यात घेऊन गेला. रक्त, ईसीजी, डोक्याचा स्कॅन, सगळं झालं. डॉक्टर तिच्याकडं न बघता राजशेखरला म्हणाले, "काही नाही. मनाचे खेळ आहेत. कामात गुंतवा त्यांना."

"बघ, कायबी न्हाय म्हणालेत," तो बाहेर येऊन म्हणाला.

"मग मार्केटात पडलं कोण?"

तो गाडीला किक मारत राहिला. रुद्राणीच्या डोक्यात तिडीक गेली.

काही दिवसांनी ती एकटीच शाहूपुरीतल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी विचारलं, "याआधी काही घडलं होतं?"

घडलं होतं. दिवाळीआधी, कागलच्या हायवेवर. राजशेखर ट्रकला ओव्हरटेक करायला गेला आणि मोटरसायकल घसरली. रुद्राणी रस्त्यावर फेकली गेली. ट्रकचं चाक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेलं. "घरात बोलू नगंस," तो म्हणाला होता. नंतर तो तशीच गाडी पळवत राहिला आणि ती मागं बसत राहिली.

"चक्कर खरी आहे तुमची," बाई म्हणाल्या. "भीतीनं श्वास भराभर चालतो, त्यानं डोकं हलकं होतं, बोटं बधिरतात. त्यानं जीव जात नाही. पळू नका. पाय घट्ट टेका, श्वास सावकाश सोडा. ओसरते."

पुढच्याच रविवारी कागलला लग्न होतं. उजळाईवाडीच्या पुढं राजशेखर एका ट्रकच्या बाजूनं घुसला. रुद्राणीचे हात बधिर झाले.

"थांबवा गाडी."

तो थांबला. ती उतरली.

"मी न्हाय बसणार मागं."

"लोक बघालेत, रुद्राणी."

"बघू देत. चाकाखाली गेले असते तर तवाबी बघितलंच असतं की."

ती तरातरा स्टॉपवर गेली. तिथं मात्र सगळं गरगरायला लागलं. तिनं खांब धरला, चपला काढून पाय मातीत रोवले आणि श्वास सोडत राहिली. मनात नवऱ्याला शिव्या घालत होती. हळूहळू रस्ता जागेवर आला. एसटी आली तशी ती चढली आणि कागलपर्यंत उभ्यानं गेली.

राजशेखर बसमागून आला. कार्यालयाच्या दारात त्यानं तिला बाजूला घेतलं. "मलाबी झोप न्हाय लागत तवापासनं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "डोळं मिटलं की ते चाक दिसतंय."

रुद्राणीचा राग उतरला नाही, उलट वाढला. "ठाव हुतं तुमास्नी. आन् मला खुळी ठरवून स्कॅन काढत फिरलासा?"

ती आत गेली, अक्षता टाकल्या, पोटभर जेवली. परत येताना एसटीनंच आली.

चक्कर लगेच गेली नाही. वर्षभर अधूनमधून येत राहिली, पण ती बाजार अर्धवट टाकून घरी पळाली नाही. राजशेखर त्याच बाईंकडं स्वतःच्या झोपेसाठी गेला. गाडी हळू चालवतो म्हणाला. रुद्राणीनं ऐकून घेतलं आणि बसचा पास काढला.