कुलूपवाल्याच्या खिशातला मोबाइल

मित्रांनो, माझ्या काचेवर आडवी गेलेली ही चीर पाहून हळहळू नका. ती जुनी आहे आणि आता वाढत नाही. माझी बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, पाठीवरचं कव्हर कडेनं सुटलं आहे, आणि आवाज मोठा केला की मी सर्दी झाल्यासारखा खरखरतो. मोबाइलच्या जातीत मी केव्हाच म्हातारा झालो. माझ्या बरोबरीचे बहुतेक भंगारात गेले. मी मात्र अजून एका घरातल्या फडताळावर, चार्जरला टेकून, सुखात बसलो आहे. ते कसं, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब टेबलं, पांढरे दिवे, आणि डोक्याला टोपी व तोंडाला फडकं बांधलेली माणसं. कुणी माझ्या पोटात बारीक पट्ट्या बसवल्या, कुणी मोहरीएवढे स्क्रू पिळले. शेवटी एका यंत्रानं माझ्या काचेवर रबराचं बोट टेकवून पाहिलं. मग एका मुलीनं आपली मऊ, स्वच्छ बोटं फिरवून पाहिली आणि मला पास केलं. कानशीनं घासलेलं, लोखंडाची पूड मुरलेलं बोट तिथं कुणाचंच नव्हतं. त्यामुळे तसं बोट जगात असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही.

मला विकत घेतलं एका मुलानं, आपल्या वडिलांसाठी. वडील कुलूपवाले होते. शिंप्याचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या बोळकंडीत त्यांची टपरी होती. भिंतीवर खिळ्यांना किल्ल्यांचे घोस, समोर किल्ली घट्ट धरायला लोखंडी शेगडा, हातात कानस. अख्खी पेठ त्यांना कुलूपकाका म्हणायची. किल्ली हरवलेला माणूस रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे यायचा आणि हसत परत जायचा.

काकांच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला म्हणजे नवं कुलूप बसवलं की स्वतः आत जायचं, दार लावून घ्यायचं आणि आतून किल्लीशिवाय उघडून दाखवायचं. ते म्हणायचे, "बाहेरच्याला किल्ली लागली पाहिजे. आत अडकलेल्याला लागता कामा नये." दुसरा नियम आकड्यांचा. आकड्यांची कुलपं, तिजोऱ्या दुरुस्त करताना लोक त्यांना आपले गुप्त आकडे सांगायचे. काम संपवून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की काका तो आकडा डोक्यातून काढून टाकायचे. इतक्या वर्षांत त्यांनी विसरण्याचा असा सराव केला होता की आकडा ऐकला की तो या कानानं आत आणि त्या कानानं बाहेर. लोक त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचे ते यामुळेच.

सुट्टीच्या दिवशी सगळे घरी असताना मुलानं मला डब्यातून काढलं. काका नुकतेच अंघोळ करून आले होते, हातांना तेल लावलेलं होतं.

"अप्पा, इथं अंगठा टेकवा. पुन्हा. अजून एकदा. झालं, आता हा तुम्हाला ओळखेल."

"मला सगळे ओळखतात. याला वेगळं शिकवायला कशाला पाहिजे?"

"चोरीला गेला तर कुणाला उघडता येऊ नये म्हणून. आणि अंगठा नाही चालला तर हा आकडा घाला." मुलानं आकडा सांगितला.

काकांनी मान डोलावली आणि सवयीप्रमाणे तो आकडा उंबऱ्याबाहेर सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी काका कामावर बसले आणि कानशीनं तेल, मऊपणा आणि अंगठ्यावरच्या रेघा एकदमच घासून नेल्या. मला तो अंगठा ओळखू येईना. पण काकांना त्याचं काही वाटलं नाही, कारण आलेला फोन घ्यायला कुलूप काढावं लागत नाही. त्यांना फोन यायचे, ते घ्यायचे, बोलायचे, खिशात टाकायचे. बाकी काही बघायचं असलं की संध्याकाळी नात चिमी मला उघडून द्यायची. तिनं आकडा पाठ केला होता. दिवस छान चालले होते.

काकूंना मात्र दुपारी फोन करायची सवय होती. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "अहो, जेवलात का?" काका कितीही गढलेले असले तरी "हो" म्हणायचे. बहुतेक वेळा ते खोटं असायचं. डबा तसाच असायचा, पण काकूंच्या जिवाला शांतता मिळायची. काकांना साखरेचा आजार. सकाळी गोळी घेतली की दुपारी वेळेवर खाल्लंच पाहिजे, नाही तर साखर एकदम उतरून हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा. म्हणून तो प्रश्न.

एकदा काका एका सावकारी थाटाच्या वकिलांच्या घरी तिजोरी उघडत बसले होते. घरातली सगळी माणसं श्वास रोखून उभी. तेवढ्यात मी वाजलो. काकांचं जाड बोट भलत्याच जागी पडलं, स्पीकर सुरू झाला आणि काकूंचा आवाज खोलीभर घुमला, "अहो, दोडकी आणलीत ती किडकी निघाली. आणि हो, पोट साफ झालं का आज?"

वकील खाली बघून हसले. वकिलीणबाई आत निघून गेल्या. काका लाजेनं लाल झाले.

घरी आल्यावर मुलानं तोडगा काढला. "आई, ते कामात असताना तू फोन करतच जाऊ नकोस. आता सगळे मेसेज करतात. मी घरचा ग्रुप करून देतो. चिमी लिहील, अप्पा सवडीनं बघतील."

"आणि त्यांनी बघितलं हे मला कसं कळणार?"

"खुणा निळ्या होतात आजी," चिमी म्हणाली.

काकूंना ते पटलं नाही, पण काका म्हणाले, "तेच बरं. तिजोरीसमोर माझी दोडकी नकोत." तेव्हापासून दुपारचा फोन बंद झाला. माझ्या काचेवर रोज दुपारी अक्षरं उमटायची, 'जेवलात का?' काका ती वरच्यावर वाचायचे, मनात "हो" म्हणायचे आणि संध्याकाळी चिमीकडून उत्तर पाठवायचे. काकू त्याच घरात बसून ते वाचून घ्यायच्या.

मग तो दिवस आला. चपलांच्या दुकानदारानं मागच्या गोदामाला लोखंडी दार बसवलं होतं आणि कुलूप लावायला काकांना बोलावलं होतं. दुकानाला सुट्टी होती. दुकानदार घाईत म्हणाला, "काका, मला बाहेरगावी निघायचंय. उद्या संध्याकाळी येतो. काम झालं की शटर ओढून घ्या." आणि तो गेला.

धूळ येऊ नये म्हणून काकांनी शटर खालपर्यंत ओढलं. कुलूप बसवलं. मूठ लावली. आता पहिला नियम. एरवी परीक्षेच्या वेळी बाहेर कुणी तरी उभं असायचं. आज नव्हतं. काका आत गेले, दार लोटलं, कुलूप खटकन बसलं. त्यांनी आतली मूठ फिरवली आणि ती त्यांच्या हातात आली. आतली मूठ कुलपाला जोडणारी चौकोनी सळई घालायची राहिली होती. ती बाहेर, हत्यारांच्या पिशवीत होती. नवी किल्ली आणि डबाही तिथंच होता.

आत नुसती चपलांची खोकी. छताजवळ वीतभर झरोका. काकांनी हाका मारल्या, दार बडवलं. शटरापलीकडे रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता. मग त्यांनी मला खिशातून काढलं.

अंगठा टेकवला. मी म्हणालो, ओळख पटली नाही.

त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला, टेकवला. ओळख पटली नाही. थुंकी लावली, गुडघ्यावर घासला, पुन्हा टेकवला.

"अरे, मीच आहे," काका मला म्हणाले.

मित्रांनो, माझ्यात फोटो होते, गाणी होती, जगाचा नकाशा होता, पण समोरचा माणूस अडचणीत आहे हे कळायची सोय नव्हती. मी आकडा मागितला. काकांनी एक घातला, तो चुकला. दुसरा घातला, तोही चुकला. ज्या डोक्यातून त्यांनी शेकडो लोकांचे आकडे पुसून टाकले होते, त्यात त्यांचा स्वतःचा तरी कसा राहणार? मला शिकवल्याप्रमाणे मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं, मग आणखी थांबायला सांगितलं. माझ्या तळाशी तातडीच्या फोनसाठी बारीक परक्या अक्षरांची एक ओळ होती, पण तिचा उपयोग त्यांना कुणी सांगितला नव्हता.

पेठेतली सगळी कुलपं उघडणारा माणूस चपलांच्या खोक्यांवर बसून आपल्याच फोनकडे बघत राहिला.

दुपार झाली. माझी काच उजळली. 'जेवलात का?' काकांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. मी अंगठा मागितला. थोड्या वेळानं कुणाचं तरी फुलांचं चित्र आलं. मग मुलाचा मेसेज आला. त्यात शब्द नव्हता, नुसता वर केलेला अंगठा होता. तो पाहून काकांना त्याही अवस्थेत हसू आलं. पण त्यांच्या कपाळावर घाम जमला होता आणि हात थरथरू लागला होता. त्यांनी मला शेजारच्या खोक्यावर ठेवलं आणि पाठ भिंतीला टेकली.

इकडे घरी काय चाललं होतं ते मला नंतर, त्यांच्या बोलण्यातून कळलं.

"चिमे, निळं झालं का?"

"नाही आजी, रोजच्यासारखंच. पोचलंय, पण बघितलं नाही."

"बाबाला विचार."

मुलानं कामावरून कळवलं, "गुंतले असतील. त्यांना कामाच्या वेळी त्रास नको." काकूंनी दोनदा पाणी पिऊन पाहिलं. मग चिमीला म्हणाल्या, "आज दुकानाला सुट्टी आहे, ते तिथं एकटेच असतील. फोन लाव."

"आजी, बाबा रागावेल."

"रागावू दे. जेवायची वेळ चुकवणं ही त्यांची सवय आहे, आणि 'जेवलो' म्हणून थाप मारणंही त्यांची सवय आहे. तुमच्या या मेसेजात त्यांची थापसुद्धा ऐकू येत नाही. त्यांनी थाप मारली की मला आवाजावरून कळतं, बरे आहेत का नाहीत. लाव तू."

मी वाजलो. काका दचकून जागे झाले. त्यांनी बोट सरकवलं, पण ते घामानं ओलं होतं. काच बधिरासारखी राहिली. मी वाजत राहिलो आणि थांबलो. गोदामात एवढी शांतता झाली की काकांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी पुन्हा वाजलो. या वेळी काकांनी हात सदऱ्यात गुंडाळून कोरडा केला आणि कानस कधीच न लागलेली करंगळी पेरापासून सरकवली. काचेला बोट कळलं.

"अहो, जेवलात का?"

"नाही गं."

'नाही' हे उत्तर काकूंनी कधी ऐकलंच नव्हतं.

"काय झालं?"

"अडकलोय. चपलांच्या गोदामात. दार आतून उघडत नाही."

"तुम्ही लावलेलं दार, तुम्हाला उघडत नाही?"

"तेच तर. हसायचं असेल तर नंतर हस. डबा बाहेर राहिलाय."

"फोन ठेवू नका. मी निघाले."

वाटेत काकू बोलत राहिल्या. कसली भाजी केली, शेजारीण काय म्हणाली, रिक्षावाला कसा उलट्या वाटेनं नेतोय. काका अधूनमधून "हं" म्हणायचे. "हं" यायला उशीर झाला की काकू ओरडायच्या, "झोपलात का?" मी तापलो होतो, बॅटरी तळाला गेली होती, पण मी टिकलो.

काकूंनी वाटेत बरोबर घेतलेल्या टपरीशेजारच्या शिंप्यानं शटर उचलल्याचा आवाज आला. मग लोखंडी दारापलीकडून काकूंचा आवाज आला, आता माझ्यातूनही आणि दारातूनही.

"सांगा, काय करू?"

"पिशवीत वरच नवी किल्ली आहे. मुठीच्या खालच्या भोकात घाल. डावीकडं फिरव."

"कुठलं डावं? तुमचं का माझं? तुम्ही तिकडून बघताय."

काका विचारात पडले. एवढ्या वर्षांत दारापलीकडच्या माणसाला डावं-उजवं सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. "दोन्हीकडं फिरवून बघ."

कुलूप खटकलं. ज्या बाईनं घरचं कुलूपही कधी स्वतः लावलं नव्हतं, तिनं दार उघडलं. शिंप्यानं काकांना धरून बसवलं, काकूंनी पदराच्या टोकात बांधून आणलेली साखर त्यांच्या तोंडात घातली, मग डबा उघडला. काका खाऊ लागले. थोड्या वेळानं हात थरथरायचा थांबला. काकू तेवढा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की वरच्या खोक्याचं झाकण हललं असं शिंपी अजून सांगतो.

"भाजी दोडक्याची आहे," काका म्हणाले.

"हो. निवडून घेतलीत म्हणून चांगली आहे."

त्या संध्याकाळी मुलानं मला हातात घेतलं. "अप्पा, करंगळीची खूण घेऊ या. आकडाही लिहून ठेवतो."

"कुलूप काढून टाक," काका म्हणाले.

"कुणी चोरला तर?"

"चोर निदान फोन तरी उचलेल. तुझ्या आईनं विचारलं तर हो-नाही सांगेल."

मुलगा हसला आणि त्यानं माझं कुलूप काढलं. मला कसं वाटलं, काय सांगू? रोज त्या घासलेल्या अंगठ्याला "ओळख पटली नाही" म्हणायचं ओझं उतरलं. काकूंचा दुपारचा फोन त्याच दिवसापासून पुन्हा सुरू झाला. काका तिजोरीसमोर असोत की कुणाच्या दारात, ते माणसांना म्हणायचे, "एक मिनिट, घरचा आहे," आणि भिंतीकडे तोंड करून उत्तर द्यायचे.

आता काकांनी टपरी बंद केली आहे. ते दिवसभर घरीच असतात. मुलानं त्यांना नवा फोन दिला, तो चिमीच वापरते. मला काढून टाकायचा विषय निघाला तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू दे. त्यानं माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवलंय."

मित्रांनो, आम्हा मोबाइलना जपा. पाण्यापासून लांब ठेवा, ओल्या हातानं चार्जिंग करू नका, उशाखाली दाबून झोपू नका. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आमच्यासारखं यंत्र देता, तेव्हा ते त्यांच्या हातात, त्यांच्या बोटांनी उघडतं का, हे कामाच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून एकदा बघा. आणि त्यांचं उत्तर आलं नाही तर खुणांचे रंग बघत बसू नका. सरळ फोन लावा. त्यांनी थाप मारली तरी चालेल. आवाज बरा आहे ना, एवढं ऐका आणि मग निवांत जेवा.