बावीस झाडांचं बी

"रोवणीचे दिवस हायेत, आन आमी इथं पानाले भोकं पाडून राहिलो," रुख्मा माझ्या कानाशी पुटपुटली. "आधी आमच्या बोटातलं रक्त काढलं. आता झाडाचंही काढून राहिली. हिले रक्ताचं एवढं काऊन पडलं हाय वो?"

ही म्हणजे गुंजन. गोंदियाच्या धान्य व्यापाऱ्याची मुलगी, शिकून डॉक्टर झालेली. पण ही डॉक्टर जंगलाची, हे आमच्या गावाला कळायला वर्ष गेलं. तोवर सालेकश्याहून गुडघे दुखणाऱ्या बायाही तिच्याकडे येऊन गेल्या. तिने एकीलाही परत पाठवलं नाही, सगळ्यांना बसवून चहा पाजला. गुडघे दुखायचे ते दुखतच राहिले.

गावामागची टेकडी तिने हाती घेतली होती. एकेकाळी तिथे मोहाचं रान होतं, आता नुसती काटेरी झुडपं. ते रान परत आणायचं आणि येताना काय काय बदलतं ते लिहून ठेवायचं, हे तिचं काम. माती बदलते का, मधमाशा वाढतात का, आणि आम्ही. आमच्यासाठी टीना नर्स दर सहा महिन्यांनी येऊन बोटाला सुई टोचायची. रुख्माचा राग त्या सुईवर.

त्या दिवशी नर्सरीत आम्ही पाचच जणी होतो, बाकीच्या धानाच्या रोवणीला गेलेल्या. समोर काळ्या पिशव्यांत मोहाची वर्षभराची आठशे रोपं, बावीस ओळींत. ऑफिसात कागदाला भोक पाडतात तसल्या पंचने गुंजन एकेका पानाचा टिकलीएवढा तुकडा काढायची. मी तो पुडीत घालून वर ओळीचा नंबर लिहायची. गावात अक्षर माझं बरं, म्हणून लिहिण्याची कामं माझ्याकडे. गेल्या वर्षी ओळींच्या पट्ट्याही मीच लिहिल्या होत्या. एक नंबर, रेल्वेकडचा मोहा. चार नंबर, अस्वलाचा. सात नंबर, खडकावरचा. अकरा नंबर, वाकडा. आमच्याकडे मोह माणसांसारखे नावाने ओळखले जातात, आणि त्यांच्या खोडीही माहीत असतात.

सात नंबर माझा होता. आणि ती पट्टी खोटी होती.

झालं होतं असं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गुंजनने आम्हा बावीस जणींना बसवून सांगितलं, "प्रत्येकीने आपापल्या झाडाखालचं बी आणायचं. चांगलं झाड, वाईट झाड, गोड, कडू, सब चलेगा. मला बावीस वेगवेगळी झाडं पाहिजेत." आम्ही माना हलवल्या. पण धानाचं बियाणं ठेवताना सगळ्यात भरलेली लोंबी निवडायची, हे आमच्या हातांनाच माहीत. कडू फुलाच्या झाडाचं बारीक, किडकं बी उचलून पाहुणीच्या ओटीत घालायचं? माझ्याने झालं नाही. मी संध्याकाळी शकुंतलाबाईकडे गेले.

शकुंतलाबाईच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा मोहा म्हणजे गावातला राजा. फूल बोराएवढं टपोरं, आणि गोड असं की सुकवलं तरी पिशवी चिकट होते. त्या धुऱ्याकडे कोणाची शेळी वळली तरी ती काठी घेऊन धावायची. पण मॅडमसाठी पाहिजे म्हटल्यावर तिने ओंजळी भरभरून दिलं आणि दाराशी येऊन म्हणाली, "कोनाले सांगजो नोको."

मला वाटलं, बावीसमधली एक मी. एकीने काय बिघडतं?

मग पट्ट्या लिहायचा दिवस आला. एकेक पुडी उघडत गेले आणि प्रत्येकीतून तेच बी निघालं, लांबट, तांबूस, तेलाने चकाकणारं. एकीनेही दुसरीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. रुख्मा म्हणाली, "लिही वाकडा." मी लिहिलं. टिंकूची माय म्हणाली, "लिही अस्वलाचा." तेही लिहिलं. वर्षभर रोपं वाढली आणि ती गोष्ट जमिनीत बी जावं तशी खाली गेली.

दुपारी सगळ्या डबे सोडून बसल्या. शकुंतलाबाईने सगळ्यांच्या डब्यांत आंब्याचं लोणचं वाढलं. रुख्माने विचारलं, "मॅडम, हे टिकल्या घेऊन तुमी करता काय?"

"हैदराबादला पाठवणार. तिथे पान तपासलं की कळतं कोण कोणाचा नातेवाईक आहे." गुंजन भाकरी मोडत म्हणाली. "झाडाची आई कळते. बापाचं कठीण आहे. मोहाची फुलं रात्री वटवाघळं चाटतात ना, तीच पराग इकडून तिकडे नेतात."

"मंजे बापाचा पत्ता वटवाघळाले मालूम?" रुख्मा म्हणाली, आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसणं एकेकीचं बंद होत गेलं. आई कळते, हे सगळ्यांना जरा उशिरा ऐकू आलं.

"रिपोर्ट कधी येते?" टिंकूच्या मायने विचारलं.

"दिवाळीपर्यंत."

लावणी गुरुवारपासून होती. टेकडीवर आठशे खड्डे खोदून तयार होते. मी मनात हिशेब केला तोच सगळ्यांनी केला असणार. दिवाळीपर्यंत रोपं टेकडीवर रुजलेली असतील, आणि रुजलेलं कोण उपटतं?

"पण सगळे एकाच मायचे असले तं का होते?" शकुंतलाबाईने विचारलं. सहज विचारल्यासारखं. "माय चांगली असली तं पोरं चांगलीच निघतीन."

गुंजनने बोटं चाटली. "बाई, वरच्या जुन्या रानात कोणता मोहा आधी गळतो, कोणता मागून. तिथली फुलं मी मोजली, चाळीस दिवस पडतात. इकडे गावाजवळ मोजकीच झाडं उरली, दहा दिवसांत खेळ खलास. रानाजवळच्या वस्तीतल्या, वरच्या टोल्यातल्या बायांना वेचायला जास्त दिवस मिळतात, खायलाही. टीनाने तपासलेलं रक्त त्यांचं तुमच्यापेक्षा बरं आहे. त्यामुळेच आहे का, ते मला अजून नक्की माहीत नाही. तेच शोधायला हे आठशे आहेत. सगळे एका आईचे असले तर बहुतेक एकाच आठवड्यात गळतील. एक अळी आली, तिला एक झाड आवडलं, तर सगळ्यांना लागेल. टेकडी हिरवी दिसेल, पण ते जंगल नाही." मग ती माझ्याकडे वळली. "चार वर्षं घातली मी यात, काकू. आणि लिहिण्यात तुमचं नाव घालणार आहे, बी गोळा करणाऱ्या म्हणून. सगळ्यांत आधी तुमचं."

माझा घास तोंडातच फिरत राहिला. नाव छापून यावं असं मला कधी वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल.

जेवणानंतर सात नंबरची ओळ आली. गुंजनने पान धरलं, पंच लावला. मी पुडी धरली आणि नंबर लिहिलाच नाही.

"काकू, सात."

"ही खडकावरच्याची ओळ नाही," मी म्हटलं. "शकुंतलाबाईच्या झाडाची आहे. खडकावरचं बी किडकं होतं. तुला तसलं द्यायला जीव झाला नाही."

पंच तसाच राहिला. गुंजन माझ्याकडे पाहत होती, रागाने नव्हे, पट्टीकडे पाहावं तशी.

"मंग माह्यंही सांगून टाकतो," रुख्मा मागून म्हणाली. "अकरा नंबर. माह्या वाकड्याचं फूल कडू लागते वो. पाहुन्याले कडू कसं देऊ?"

गुंजनने वही उघडली, सात आणि अकरा खोडले. मग एक लांब श्वास सोडून ती चक्क हसली. "दोनच ना? दोन गेल्या तरी वीस राहतात. वीस बहुत आहेत, काकू. बरं झालं सांगितलंत. गुरुवारचं काम अडत नाही."

माझ्या अर्ध्या खरेपणाने सगळ्यांची सोय झाली होती. गप्प राहायला आता कारणही होतं. टिंकूची माय पुड्या पुन्हा पुन्हा सरळ करत होती. रुख्मा नखाने माती कुरतडत होती. समोरच्या बावीस ओळी वाऱ्यावर एकदम, एकाच बाजूला कलत होत्या, आणि पट्ट्यांवरचं अक्षर माझं होतं.

शकुंतलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेली. नातवंडांच्या डोक्यावरून फिरवावा तसा पानांवरून हात फिरवत परत आली. गुंजनसमोर उभी राहिली आणि तिच्या हातातली वही तिने हळूच मिटवली.

"दोन नाही वो, माय," ती म्हणाली. "बावीसच्या बावीस माह्याच मोहाचे हायेत."